आयएसओ ४५००१ वर संशोधन करायचंय? आधी मोजणार काय ते ठरवा

'रायगड जिल्ह्यातील निवडक उद्योगांमध्ये आयएसओ ४५००१ च्या अंमलबजावणीचा चिकित्सक अभ्यास'. हे किंवा यासारखं शीर्षक तुमच्या वहीत लिहून ठेवलेलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. विषय चांगला आहे. खालापूर तालुक्यात पाताळगंगा एमआयडीसी आहे, खोपोलीत पोलादाचे आणि रसायनांचे कारखाने आहेत, कर्जत लोकलने जाता येतं. मार्गदर्शकही सहसा लगेच हो म्हणतात. अडचण पुढे येते. शंभर जणांना प्रश्नावली वाटायची, 'तुमच्या कंपनीत सुरक्षिततेला प्राधान्य दिले जाते का?' असं विचारायचं, पाच पर्यायांवर खुणा करून घ्यायच्या, सरासरी ४.२ काढायची आणि 'अंमलबजावणी समाधानकारक आहे' असं लिहायचं. असे प्रबंध ग्रंथालयात भरपूर आहेत. त्यातून एवढंच कळतं की सुपरवायझर शेजारी उभा असताना कामगार काय सांगतो.

म्हणून आराखडा लिहायच्या आधी हे मानक नक्की काय आहे आणि त्यात मोजण्यासारखं काय आहे, ते बघू.

आयएसओ ४५००१ मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधी ओएचएसएएस १८००१ होतं. ते १९९९ चं, २००७ मध्ये सुधारलेलं. जुनं प्रमाणपत्र असलेल्या कंपन्यांना बदलासाठी तीन वर्षं दिली होती, कोविडमुळे ती मुदत सप्टेंबर २०२१ पर्यंत वाढली. भारतीय मानक ब्यूरोने हेच मानक आयएस/आयएसओ ४५००१ म्हणून स्वीकारलं आहे. जुनी माहिती गोळा करताना २०१८ ते २०२१ हा काळ सांभाळून वापरा, कारण त्या काळात एकाच रस्त्यावरच्या दोन कारखान्यांकडे दोन वेगळ्या मानकांची प्रमाणपत्रं असू शकतात.

दोन गोष्टी तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. पहिली: आयएसओ स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते देतात स्वतंत्र प्रमाणन संस्था, आणि त्या संस्थांना आपल्याकडे एनएबीसीबीसारखं मंडळ मान्यता देतं. प्रमाणपत्र तीन वर्षांचं, मध्ये दरवर्षी देखरेखीचं लेखापरीक्षण. लेखापरीक्षकाची फी कंपनीच भरते, हेही लक्षात ठेवा. दुसरी: मानक म्हणजे कायदा नव्हे. मानक घ्यायचं की नाही हे कंपनी ठरवते. कायदा पाळायचा की नाही हे तिच्या हातात नाही. 'आमच्याकडे आयएसओ आहे' हे फॅक्टरी इन्स्पेक्टरला दिलेलं उत्तर होऊ शकत नाही.

कायद्याची बाजू वाचल्याशिवाय मानकाला हात घालू नका. डिसेंबर १९८४ ला भोपाळ झालं आणि त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण आलं, कलम ४१-ए ते ४१-एच. त्यातलं ४१-जी म्हणजे कामगार आणि व्यवस्थापन यांचे सारखे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती. ४१-एच म्हणजे जिवाला धोका दिसला तर कामगाराने तो वरिष्ठांच्या नजरेला आणून देण्याचा हक्क. पुढे तीस वर्षांनी मानकाने जे सांगितलं त्यातलं बरंच आपल्याकडे तेव्हाच कागदावर होतं, हे मला तरी वाचताना नवलाचं वाटलं होतं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि कारखाने अधिनियमाची जागा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता संहितेने घेतली आहे. कारखान्याची व्याख्या बदलली: जुन्या केंद्रीय कायद्यात वीज असेल तर दहा आणि नसेल तर वीस कामगार ही मर्यादा होती, संहितेत ती वीस आणि चाळीस झाली. तुमच्या अभ्यासाचा कालखंड या तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरला असेल, तर आधीचे आणि नंतरचे आकडे सरळ शेजारी ठेवता येणार नाहीत.

आता मानकाच्या आत. त्याची प्रकरणं चार ते दहा ही कामाची: संस्थेचा संदर्भ, नेतृत्व आणि कामगारांचा सहभाग, नियोजन, आधार, प्रत्यक्ष कामकाज, कामगिरीचं मूल्यमापन, सुधारणा. ठरवा, करा, तपासा, दुरुस्त करा हे जुनंच चक्र. गुणवत्तेच्या ९००१ आणि पर्यावरणाच्या १४००१ मध्येही हाच साचा आहे, त्यामुळे कंपन्या तिन्ही एकत्र घेतात. ही सगळी प्रकरणं पाठ करायची गरज नाही. दोन जागा नीट वाचा, प्रबंध तिथेच आहे.

पहिली जागा ८.१.२, नियंत्रणांची उतरंड. त्याआधी धोका आणि जोखीम हे दोन शब्द वेगळे ठेवायला शिका. मराठी प्रबंधात दोन्हीला 'धोका' म्हणून मोकळे होतात आणि मग सगळंच विश्लेषण पाण्यात जातं. टाकीत साचलेला विषारी वायू हा धोका. त्या टाकीत माणूस उतरला तर त्याला इजा होण्याची शक्यता किती आणि ती इजा किती गंभीर, ही जोखीम. टाकीत कुणी उतरतच नसेल तर धोका तेवढाच राहतो, जोखीम मात्र जवळपास संपते.

हेच उदाहरण पुढे नेऊ, कारण सांडपाण्याच्या टाक्या साफ करताना माणसं मेल्याच्या बातम्या महाराष्ट्रात दरवर्षी वाचायला मिळतात. मानक म्हणतं, आधी धोकाच काढून टाकता येतो का बघा. मग कमी घातक पर्याय आणता येतो का बघा. मग यंत्ररचनेतून उपाय. मग कामाच्या पद्धती, परवाने, प्रशिक्षण. आणि सगळ्यात शेवटी मास्क, पट्टा, हातमोजे. टाकीच्या बाबतीत पहिली पायरी म्हणजे माणूस आत न उतरवता बाहेरून जेटने आणि पंपाने गाळ काढणं. तिसरी पायरी म्हणजे ब्लोअर लावून हवा खेळती ठेवणं. चौथी म्हणजे आत जाण्याचं परमिट, वायूची तपासणी, तोंडाशी उभा राहणारा दुसरा माणूस. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून कामगार नाकावर भरवसा ठेवतात, पण वायूचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच बधिर होते. वास थांबला म्हणजे हवा शुद्ध झाली असं वाटतं, आणि माणूस आत उतरतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो.

यातून मोजण्यासारखी एक गोष्ट निघते आणि ती प्रश्नावलीत सापडत नाही. प्रत्येक कंपनीकडे धोके आणि जोखमींची नोंदवही असते. ती मिळाली (मिळवणं कठीण आहे, त्याबद्दल शेवटी) तर प्रत्येक धोक्यापुढे लिहिलेला उपाय उतरंडीच्या कुठल्या पायरीवर बसतो ते मांडा. दोनशे ओळींपैकी किती ओळींत उपाय म्हणून 'पीपीई वापरणे' आणि 'कामगारांना सूचना देणे' एवढंच आहे? ही टक्केवारी एका नोंदवहीची दुसरीशी आणि एका वर्षाची पुढच्या वर्षाशी ताडता येते. प्रमाणपत्र मिळाल्यावर तीन वर्षांत उपाय वरच्या पायरीकडे सरकले का, हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे. 'जागरूकता वाढली का' हा नाही.

दुसरी जागा ५.४, कामगारांशी सल्लामसलत आणि त्यांचा सहभाग. जुन्या ओएचएसएएसपेक्षा हे मानक सर्वांत जास्त पुढे गेलं ते इथे. सहभागातले अडथळे दूर करा असं ते सांगतं, आणि अडथळे म्हणून सूचनांकडे दुर्लक्ष होणं, भाषा, निरक्षरता, सूड उगवला जाण्याची भीती यांचा उल्लेख करतं. शिवाय 'कामगार' या शब्दाची मानकातली व्याख्या खूप रुंद आहे. कायम कामगार, कंत्राटी, एजन्सीमार्फत आलेला, वरिष्ठ व्यवस्थापनसुद्धा; संस्थेच्या नियंत्रणाखाली काम करणारा प्रत्येक माणूस.

आता ही व्याख्या घेऊन पोशीरला या. नेरळ-कळंब रस्त्यावरचं गाव. इथला एखादा तरुण सकाळी नेरळला जातो, तिथून लोकलने कर्जत, पुढे खोपोली, नाहीतर उलट दिशेला बदलापूर-अंबरनाथ. कारखान्यात तो हेल्पर असतो, पण पगार ठेकेदार देतो. गेट पास ठेकेदाराच्या नावाचा. हेल्मेट ठेकेदाराचं. मानकाच्या व्याख्येत तो कंपनीचा कामगार आहे. आकडेवारीत आहे का?

कागद-पेन घ्या. एका काल्पनिक कारखान्यात १२० कायम आणि १८० कंत्राटी माणसं आहेत. प्रत्येकाचे वर्षाला २४०० तास, म्हणजे एकूण ७ लाख २० हजार तास. वर्षभरात दोन अपघात झाले, दोन्ही कंत्राटी कामगारांचे, दोघेही ४८ तासांपेक्षा जास्त कामाबाहेर. आपल्याकडे आयएस ३७८६ प्रमाणे वारंवारता दर दहा लाख तासांमागे काढतात. तो येतो २.७८. आता कंपनीने फक्त कायम कामगार मोजले तर तास २ लाख ८८ हजार, अपघात शून्य, दर शून्य. तिसराही एक प्रकार असतो: तास सगळ्यांचे मोजायचे, अपघात मात्र ठेकेदाराच्या खात्यावर. मग गेटवरच्या फलकावर लिहिता येतं, '७ लाख २० हजार सुरक्षित मनुष्य-तास'. माणसं तीच, जखमाही त्याच, आणि तीनही आकडे वहीत सापडतात. म्हणून कुठलाही दर हातात आला की आधी छेदात कोण आहे ते विचारा.

इथेच आणखी एक खड्डा आहे. अमेरिकी आकडे दोन लाख तासांमागे असतात, आपले दहा लाखांमागे. परदेशी शोधनिबंधातला दर आणि खोपोलीच्या कंपनीचा दर एका तक्त्यात मांडून 'भारतीय उद्योग पाचपट असुरक्षित' असा निष्कर्ष काढू नका. पाच हा आकडा नुसत्या सूत्रातून आलेला असू शकतो.

आणि लहान संख्यांचा त्रास. गेल्या वर्षी दोन अपघात, यंदा एक. कंपनीच्या अहवालात '५० टक्के घट'. समजा कारखान्यात काहीच बदललेलं नाही आणि दीर्घकाळाची सरासरी वर्षाला दोनच आहे. तरी एखाद्या वर्षी एक किंवा शून्य अपघात होण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के निघते. पॉयसन वितरणाने तुम्ही स्वतः काढून बघा. म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडंसंच कमी. एका कारखान्याच्या दोन वर्षांच्या आकड्यांवरून मानकाचा परिणाम सिद्ध होत नाही. एकतर बरेच कारखाने घ्या किंवा बरीच वर्षं, नाहीतर अपघात सोडून दुसरं काही मोजा: थोडक्यात टळलेले प्रसंग किती नोंदवले गेले, सुचवलेली दुरुस्ती किती दिवसांत झाली, समितीत कामगारांनी मांडलेले किती मुद्दे तडीस गेले. एका ठिकाणी (नाव नको) मला सुरक्षा समितीची लागोपाठ पाच इतिवृत्तं बघायला मिळाली. पाचही बैठकांत कामगार प्रतिनिधींच्या नावापुढे एकच वाक्य होतं, 'पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणी स्वच्छता ठेवावी'. रासायनिक कारखान्यात दीड वर्ष कुणाला दुसरं काही सुचलं नाही, यावर कुणी विश्वास ठेवावा?

थोडक्यात टळलेल्या प्रसंगांबाबत एक उलटं गणित ध्यानात ठेवा. प्रमाणपत्रानंतर पहिल्या वर्षी अशा नोंदी वाढल्या तर ती बहुतेक वेळा चांगली खूण असते, कारण लोक सांगायला लागलेले असतात. नोंदी कमी झाल्या तर दोन्ही शक्यता आहेत. किंवा 'शून्य अपघात' झाला तर बोनस अशी योजना असेल तर तिसरीही आहे: बोट कापलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येऊन नुसता बसतो, म्हणजे ४८ तास भरत नाहीत.

मग मानकाचा खरंच उपयोग होतो का? २००७ मध्ये लिंडा रॉबसन आणि सहकाऱ्यांनी 'सेफ्टी सायन्स' या नियतकालिकात तोवरच्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा घेतला. निष्कर्ष बहुतेक अनुकूल होते, पण पुरावा इतका थोडा आणि इतका कच्चा होता की शिफारस करावी किंवा करू नये, दोन्ही म्हणता येत नव्हतं. अलीकडे व्हिस्वनाथन, जॉन्सन आणि टॉफेल यांनी अमेरिकेतल्या कारखान्यांच्या नोंदी घेऊन ओएचएसएएस १८००१ तपासलं. हा निबंध पद्धतीसाठी जरूर वाचा. त्यांनी दोन प्रश्न वेगळे केले. एक, प्रमाणपत्र घेणारे कारखाने मुळातच कमी अपघातांचे असतात का? हो, असतात. दोन, ते बाजूला काढल्यावरही प्रमाणपत्राने काही फरक पडतो का? हो, इजा आणि आजारांची प्रकरणं सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. पहिला प्रश्न न विचारता प्रमाणित आणि अप्रमाणित कंपन्यांची सरळ तुलना केली, तर हुशार मुलं ज्या क्लासला जातात तो क्लास चांगला, असं म्हटल्यासारखं होतं. आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांत तेच होतं. आणि हो, २० टक्के हा अमेरिकेतला आकडा आहे. ज्या कारखान्यात निम्म्याहून जास्त माणसं ठेकेदाराची आहेत तिथे तो लागू पडेल असं धरून चालू नका. तो तपासणं हेच तुमचं काम होऊ शकतं.

कर्जत-खालापूरबद्दल आणखी थोडं, कारण 'अभ्यासक्षेत्राची ओळख' या प्रकरणात सगळे जण तालुक्याची लोकसंख्या आणि पर्जन्यमान लिहून थांबतात. हा पट्टा औद्योगिकदृष्ट्या जुना आहे. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. मुंबईच्या गिरण्या या पाण्यावर चालल्या. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सने रसायनीला कारखाना आणला. पाण्यामुळे उद्योग आले आणि पाण्यानेच दणकाही दिला: जुलै १९८९ मध्ये पाताळगंगेच्या पुरात रिलायन्सचा कारखाना पाण्याखाली गेला. हे जुनं का सांगतोय? २०२४ मध्ये आयएसओ ४५००१ ला एक छोटी दुरुस्ती झाली. हवामानबदल हा आपल्यासाठी संबंधित मुद्दा आहे का, हे संस्थेने ठरवावं अशी एक ओळ प्रकरण चारमध्ये आली. ओळ एकच आहे. पाताळगंगेच्या काठावरच्या कंपन्या तिच्यापुढे काय लिहितात, 'लागू नाही' की पुराच्या वेळी रात्रपाळीला कोण कुठे जाणार याचा आराखडा, एवढ्यावर एक अख्खा शोधनिबंध होईल.

आणि ज्यांच्यापर्यंत मानक पोचतच नाही ते लोक. याच पट्ट्यातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पाऊस लागायच्या आत परततात. हातात उचल आधीच घेतलेली असते, म्हणून मध्ये काम सोडता येत नाही. माती कालवणं, वीट थापणं, भट्टी लावणं. धूर, राख, ऊन, डोक्यावर ओझं, आणि लेकरं तिथेच. धोका ओळखा, जोखीम ठरवा, उतरंड लावा: मानकाची पद्धत इथेही चालते, त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही. पण प्रमाणित कंपनीची भिंत ज्या विटांची आहे त्या विटा कुठून आल्या, हे तिच्या ८.१.४ मध्ये, म्हणजे खरेदी आणि ठेकेदारांच्या कलमात, येतं का? कलमात खरेदीचा शब्द आहे. खरेदीच्या साखळीत किती मागे जायचं हे मात्र ते सांगत नाही, आणि कंपन्या गेटपाशीच थांबतात.

पोशीर नदीवरच्या धरणाचंही बघा. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या प्रकल्पाला मंजुरी दिली, खर्च सहा हजार कोटींच्या वर. एवढं काम एक मुख्य कंत्राटदार, त्याखाली उपकंत्राटदार, त्याखाली मुकादम असंच होतं. मुख्य कंत्राटदाराकडे प्रमाणपत्र असणं वेगळं आणि खाली तिसऱ्या थरातल्या मुकादमाच्या टोळीपर्यंत त्याची पद्धत पोचणं वेगळं. पीएचडी सुरू करणाऱ्यांना कामाच्या आधीची स्थिती नोंदवण्याची संधी क्वचित मिळते. बहुतेकदा आपण सगळं झाल्यावर जातो. इथे निविदेची अट, करार, सुरक्षा आराखडा हे कागद जसे निघतील तसे वाचत जाता येईल.

शेवटी कागद मिळवण्याबद्दल, कारण सगळं तिथेच अडतं. कंपनीकडे 'सुरक्षिततेचा अभ्यास करायचा आहे' असं पत्र दिलं तर उत्तर येत नाही. नेमकं काय हवं ते लिहा: जोखीम नोंदवहीची नावं खोडलेली प्रत, गेल्या तीन वर्षांची समितीची इतिवृत्तं, कामाच्या तासांत ठेकेदाराची माणसं धरली आहेत का याचं एका ओळीचं उत्तर. प्रमाणपत्राची प्रत मागा आणि त्यावरची व्याप्तीची ओळ वाचा. कधी कधी प्रमाणपत्र मुंबईच्या कार्यालयाचं असतं आणि कारखाना त्यात नसतोच. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो. शीव इथल्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटमध्ये आणि बेलापूरच्या नॅशनल सेफ्टी कौन्सिलमध्ये चौकशी करा.

कामगारांशी बोलायचं तर कारखान्यात बोलू नका. नेरळ स्टेशनबाहेर रिक्षा भरेपर्यंतचा वेळ, किंवा सुट्टीच्या दिवशी गावात. नाव लिहून घेऊ नका, ठेकेदाराचंही नाही. एवढ्याशा गावात ठेकेदार कळला की माणूस कळतो. 'कंपनी सुरक्षित आहे का' असं विचारू नका. 'शेवटचं कुणाला लागलं होतं, आणि मग काय झालं?' असं विचारा आणि गप्प बसा. त्या उत्तरात कुणाच्या गाडीने दवाखान्यात नेलं, पैसे कुणी भरले, नोंद झाली की नाही, दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर कोण उभं होतं, हे सगळं येतं. ते घरी जाऊन मानकाच्या १०.२ शेजारी, घटना आणि दुरुस्तीच्या कलमाशेजारी, ठेवा आणि ओळीला ओळ लावून बघा.